नीना सिमोनच्या गाण्यात बाख कुठून येतो?

१९५४ चा उन्हाळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक सिटी नावाचं समुद्रकाठचं शहर, आणि तिथला एक साधासा बार. रात्री नऊपासून पहाटे चारपर्यंत पियानो वाजवायला एकवीस वर्षांची एक मुलगी आली. अंगात शिफॉनचा पायघोळ झगा, जणू मोठ्या सभागृहात मैफिलीला निघालीय. पिणाऱ्यांच्या गर्दीत तिनं स्वतःसाठी दूध मागवलं. पहिल्या रात्री ती नुसता पियानो वाजवत राहिली. लोकांच्या ओळखीच्या चाली, चर्चमधली भजनं, मध्येच जर्मन शास्त्रीय रचनाकार बाख, सगळं एकमेकांत गुंफलेलं. मालकाला वाजवणं आवडलं, पण त्यानं विचारलं, गात का नाहीस? ती म्हणाली, मी पियानो वाजवते. उद्यापासून गायचं, नाहीतर येऊ नकोस, असं उत्तर मिळालं. आठवड्याचे ९० डॉलर मिळणार होते आणि पैशांची गरज होती. दुसऱ्या रात्री ती गायली.

हीच पुढची गायिका नीना सिमोन. युनिस कॅथलीन वेमन हे तिचं खरं नाव. आई मेथॉडिस्ट पंथाची धर्मोपदेशक होती आणि बारमध्ये वाजणारं संगीत तिच्या लेखी सैतानाचं. आईच्या कानावर जाऊ नये म्हणून मुलीनं नाव बदललं. 'नीना' हे एका मित्रानं ठेवलेलं लाडाचं नाव, 'छोटी मुलगी' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून. 'सिमोन' घेतलं फ्रेंच अभिनेत्री सिमोन सिन्योरेवरून.

नीना सिमोनबद्दल कुठंही वाचा, एक वाक्य हमखास भेटतं: तिनं जॅझ, ब्लूज, गॉस्पेल, लोकसंगीत, पॉप आणि पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत यांचं मिश्रण केलं. वाक्य खरं आहे, पण ते वाचून हाती काही लागत नाही. मिश्रण करतात म्हणजे नेमकं काय करतात? एका गाण्यात दोन तऱ्हा एकत्र येतात तेव्हा प्रत्यक्ष सुरांचं, बोटांचं, आवाजाचं काय होतं? मला तिच्या गाण्याचं वेड लागलं ते याच प्रश्नामुळे. बरीच वर्षं ऐकल्यावर माझं मत असं झालंय की नीनानं मिसळलं कमी आणि विणलं जास्त. संगीताचा विचार करायची तिची एक पद्धत होती, लहानपणीच बोटांत बसलेली. पुढं कुठलंही गाणं समोर आलं की ती त्याच पद्धतीनं त्याला हात घालायची. ती पद्धत समजून घ्यायची तर तिच्या गावापासून सुरुवात करावी लागते.

रेल्वे रुळांच्या दोन बाजू

तिचा जन्म २१ फेब्रुवारी १९३३ चा, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ट्रायन नावाच्या छोट्या गावातला. आठ भावंडांत ती सहावी. वडील मिळेल ते काम करत, कधी न्हाव्याचं, कधी कपडे धुण्याचं. आई उपदेश करायची आणि पोटासाठी गोऱ्यांच्या घरी घरकामही करायची. मुलगी तिसऱ्या वर्षाच्या आसपास कुणीही न शिकवता, नुसतं ऐकून, चर्चचं एक भजन वाजवायला लागली. थोड्याच दिवसांत आईच्या प्रार्थनासभांत पियानोवर तीच बसू लागली.

या सभांमधलं संगीत म्हणजे तिची पहिली शाळा. गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, कसं चालतं हे मराठी माणसाला फार समजावावं लागू नये. दिंडीत एक जण अभंगाचं चरण उचलतो, बाकीचे ते झेलतात, टाळ हळूहळू चढत जातो आणि एका क्षणी गाणारे कोण आणि ऐकणारे कोण हा फरक उरत नाही. कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येही हाक आणि प्रतिसाद हाच गाण्याचा कणा असतो. एकानं ओळ टाकायची, समुदायानं उत्तर द्यायचं, टाळ्यांनी ठेका धरायचा. पियानोवर बसलेल्या मुलीला सतत लोकांकडं लक्ष ठेवावं लागतं. माणसं तापायला लागली की वेग वाढवायचा, कुणी रडायला लागलं तर तेच स्वर पुन्हा पुन्हा घोळवायचे. समोरच्या गर्दीचा अंदाज घेत वाजवायची ही सवय नीनाला शेवटपर्यंत सोडून गेली नाही.

दुसरी शाळा रुळांच्या पलीकडं होती. आई ज्यांच्याकडं काम करायची त्या गोऱ्या बाईंनी मुलीचं वाजवणं ऐकलं आणि वर्षभर शिकवणीची फी भरायचं कबूल केलं. शिकवणाऱ्या म्युरिएल मॅझानोविच मूळच्या इंग्रज. मुलगी त्यांना मिस मॅझी म्हणायची. दर आठवड्याला ती रूळ ओलांडून गोऱ्यांच्या वस्तीत जायची आणि तिथं बाख शिकायची. पुढं मिस मॅझींनी गावातून वर्गणी काढून तिच्या शिक्षणासाठी निधी उभा केला. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी, दोघांनीही त्यात पैसे घातले. नीनानं पुढं आत्मचरित्रात लिहिलं की बाख समजला त्या दिवसापासून तिला मैफिलीत वाजवणारी पियानोवादक व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

आता बाख. इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

आपल्या मैफिलीत एका वेळी एकच चाल असते. गायक गातो, पेटी त्याच्या मागून येते, तानपुरा षड्ज-पंचमाची जमीन धरून ठेवतो. सगळे त्या एका चालीसाठी राबतात. पाश्चात्त्य संगीतात दोन, तीन, चार निरनिराळ्या चाली एकाच वेळी चालू शकतात. प्रत्येक चाल आपापल्या परीनं पूर्ण असते, तरी कुठल्याही क्षणी त्यांचे जे सूर एकत्र पडतात ते कानाला जुळलेले लागतात. याला काउंटरपॉइंट म्हणतात. गोव्यात चर्चच्या गायकवृंदात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे नवीन नाही. बाकीच्यांनी अशी कल्पना करावी की ओसरीवर दोन माणसं एकाच वेळी बोलताहेत, दोघं वेगवेगळं सांगताहेत आणि ऐकणाऱ्याला दोन्ही नीट कळतंय. बोलण्यात हे होत नाही, पण सुरांत होतं.

याच कलेचा सगळ्यात कसलेला प्रकार म्हणजे फ्यूग. पहिला आवाज एक छोटी चाल म्हणतो. ती संपते न संपते तोच दुसरा आवाज तीच चाल वेगळ्या पट्टीत सुरू करतो, आणि पहिला गप्प न बसता तिला साजेसं आणखी काही म्हणत राहतो. मग तिसरा आत येतो, कधी चौथाही. जर्मन रचनाकार योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) यानं यात जे करून ठेवलंय ते आजही पियानो शिकणाऱ्या प्रत्येकाला पार करावं लागतं. पाश्चात्त्य संगीतातल्या २४ पट्ट्यांत, प्रत्येक पट्टीत एक प्रिल्यूड (फ्यूगच्या आधी वाजणारी छोटी रचना) आणि एक फ्यूग, असे त्यानं दोन संच लिहिले. म्हणजे एकूण ४८ जोड्या. हे सगळे आवाज एकाच माणसाच्या दहा बोटांत असतात. डाव्या हाताची करंगळी एक गोष्ट सांगतेय, उजव्या हाताचा अंगठा दुसरी, आणि वरची बोटं तिसरी. रोज तासन्‌तास हे केलेल्या मुलीच्या डोक्याला एक वळण लागतं. तिला कुठलीही चाल एकटी ऐकू येत नाही. या चालीबरोबर दुसरी कुठली चालेल, हा विचार आपोआप सुरू होतो.

अकरा-बारा वर्षांची असताना गावात तिचं वादन ठेवलं होतं. आईवडील पहिल्या रांगेत बसले होते. गोऱ्या लोकांना जागा हवी म्हणून त्यांना उठवून मागं पाठवलं गेलं. मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ते पुढं येऊन बसल्याशिवाय मी वाजवणार नाही. त्यांना पुढं आणलं गेलं आणि मग तिनं बाख वाजवला.

बंद झालेलं दार

१९५० मध्ये ती न्यूयॉर्कच्या जुइलियार्ड संगीतशाळेत काही काळ शिकली. लक्ष्य होतं फिलाडेल्फियाची कर्टिस इन्स्टिट्यूट. तिथं प्रवेश मिळाला की शिक्षण मोफत असतं. मुलीचा प्रवेश गृहीत धरून सगळं कुटुंब फिलाडेल्फियाला राहायला गेलं. १९५१ मध्ये तिला नकार आला. त्या वर्षी ७२ अर्जदारांतून फक्त ३ जणांना घेतलं होतं, हेही खरं. आपला रंग आडवा आला असं ती आयुष्यभर म्हणत राहिली. तिनं शिकवण्या घेतल्या, गाणं शिकणाऱ्या मुलांना साथ केली, आणि त्या पैशांतून कर्टिसमध्येच शिकवणाऱ्या व्लादिमीर सोकोलॉफ यांच्याकडं खासगी शिकत राहिली. तेही पैसे पुरेनात म्हणून ती अटलांटिक सिटीच्या बारमध्ये गेली. बाख शिकत राहण्यासाठी ती बारमध्ये गाऊ लागली होती, हे लक्षात ठेवून तिची सुरुवातीची ध्वनिमुद्रणं ऐकावीत.

सात तास वाजवायचं म्हणजे एकेक गाणं लांबवावं लागतं. इथं जॅझ कामाला येतं. जॅझमध्ये साधारण असं असतं: एक ओळखीचं गाणं घ्यायचं, त्याची चाल एकदा वाजवायची आणि मग चाल सोडून द्यायची. मागं उरतो तो गाण्याखालच्या कॉर्डचा क्रम, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची ठरलेली रांग. ती रांग चक्रासारखी फिरत राहते आणि वादक तिच्यावर आयत्या वेळी नवी चाल रचत जातो. आपल्याकडं रागाचे स्वर आणि तालाचं आवर्तन ठरलेलं असतं, उपज मोकळी. तिथं कॉर्डची रांग ठरलेली, उपज मोकळी. बहुतेक जॅझ पियानोवादक अशा वेळी उजव्या हातानं चाल रचतात आणि डाव्या हातानं कॉर्ड धरतात. नीनाच्या हातांना मात्र दोन्हीकडं चाली रचायची सवय होती.

दोन गाणी, हळू हळू ऐकायची

तिचं पहिलं ध्वनिमुद्रण १९५७ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये झालं, बेथलेहेम नावाच्या कंपनीसाठी. सोबत फक्त बेस, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य, आणि ड्रम. त्या संचातली दोन गाणी माझ्या दृष्टीनं नीनाची किल्ली आहेत.

पहिलं 'लव्ह मी ऑर लीव्ह मी'. ब्रॉडवे म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी; तिथल्या १९२८ च्या एका संगीत नाटकातलं हे हलकंफुलकं गाणं. नीना ते उडत्या चालीत गाते. बेस आणि ड्रम स्विंग धरून आहेत, म्हणजे मात्रेचे दोन भाग सारखे न पाडता पहिला थोडा लांब आणि दुसरा आखूड, त्यामुळं चालीला एक झोका मिळतो. गाणं म्हणून झालं की पियानोची पाळी येते. इथं जॅझची नेहमीची तान येईल असं वाटतं. येतं ते वेगळंच. उजवा हात एक छोटी, नेटकी, धावती चाल सुरू करतो, डावा हात तिला उत्तर देतो, आणि बघता बघता दोन्ही हात बाखच्या फ्यूगसारखे एकमेकांचा पाठलाग करायला लागतात. खाली बेस आणि ड्रम मात्र जसेच्या तसे झोके देताहेत. गाण्याच्या कॉर्डही त्याच आहेत.

म्हणजे काय झालं? तिनं जॅझचं गाणं थांबवून बाख वाजवला नाही. जॅझनं उपजेसाठी जी मोकळी जागा ठेवली होती, त्या जागेत तिनं बाखच्या रीतीनं विचार केला. जॅझचे नियम तिथं पूर्ण पाळले गेलेत आणि बाखचेही. दोन्हीकडचे नियम इतके आतून माहीत असल्यावरच हे जमतं, म्हणून मला ते मिश्रण वाटत नाही. वरून टाकलेलं असतं तर ते काढून घेता आलं असतं.

दुसरं 'लिटल गर्ल ब्लू'. हेही नाटकातलंच, १९३५ सालचं. एकटी, हिरमुसलेली मुलगी बोटं मोजत बसलीय, असं गाणं. नीना सुरुवात करते ती पियानोवर 'गुड किंग वेन्सेस्लास' या नाताळच्या गाण्यानं. इंग्रजी जगातल्या पोरासोरांना पाठ असलेली आनंदी चाल. आणि ती चाल चालू असतानाच तिच्यावर उदास गाणं म्हणायला लागते. दोन्ही चाली एकमेकींत अशा बसतात की मुळात तशाच लिहिल्या होत्या असं वाटावं. हा पुन्हा काउंटरपॉइंट, पण इथं तो नुसती हुशारी दाखवण्यासाठी नाही. खाली सण चाललाय, वर एक मुलगी एकटी बसलीय. दोन चाली एकत्र ऐकवता येत नसत्या तर ही गोष्ट सांगताच आली नसती. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नाताळची ती चाल ओळखीची नव्हती. पियानोची छान सुरावट एवढंच वाटलं होतं. नंतर मूळ गाणं कानावर पडलं, पुन्हा नीनाकडं आलो आणि घसा दाटून आला.

याच संचातलं 'आय लव्ह्ज यू, पोर्गी' हे अमेरिकी संगीतकार गर्शविनच्या १९३५ च्या ऑपेरातलं गाणं १९५९ मध्ये अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या विसांत पोचलं. पण तोवर तिनं या ध्वनिमुद्रणांचे हक्क ३,००० डॉलरना कायमचे देऊन टाकले होते. पुढच्या तीस वर्षांत त्यांवर दुसऱ्यांनी किती कमावलं याचा विचार करून तिला अखेरपर्यंत संताप येत असे, आणि तो रास्त होता.

याच सुमाराला तिला गिटारवादक अल शॅकमन भेटला. पहिल्यांदा एकत्र वाजवताना तिनं कुठलं गाणं, कुठली पट्टी, काहीच सांगितलं नाही. नुसती सुरू झाली. तो ऐकत ऐकत आत शिरला आणि तिच्या चालीला स्वतःची चाल जोडत गेला. मग तो तिच्यासोबत अनेक वर्षं वाजवत राहिला. तिला हवा होता तो हाच. साथ करणारा नको होता, दुसरा आवाज हवा होता.

आवाज

तिचा स्वतःचा आवाज खोल, बायकांच्या आवाजांतला सगळ्यात खालचा पल्ला. काही ओळी ऐकताना गाणारा पुरुष आहे की बाई हे क्षणभर कळत नाही. गाण्याचं रीतसर शिक्षण तिनं घेतलं नव्हतं. सूर किंचित खरबरीत, कधी कापरा, कधी मुद्दाम सपाट. जॅझ गायिकांचा जो मखमली गोडवा असतो तो इथं शोधू नये. मला तिचा आवाज पियानोच्या तिसऱ्या हातासारखा वाटतो. पियानो चढत असेल तर ती खाली थांबते, पियानोनं काही सांगून टाकलं असेल तर ती तेच पुन्हा सांगत नाही.

त्यात ब्लूजही आहे. ब्लूज म्हणजे मुळात चार-चार मात्रांच्या बारा तुकड्यांचा एक साचा. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीनं तिला उत्तर द्यायचं. खरी गंमत सुरांत असते. साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असताना गाणारा कोमल गंधाराकडं झुकतो, पण नेमका तिथंही थांबत नाही, दोहोंच्या मधल्या फटीत कुठंतरी रेंगाळतो. निषादाचंही तसंच. पियानोवर असली फट नसते; दोन पट्ट्यांच्या मध्ये काही नाही. म्हणून पियानो जिथं पोचत नाही तिथं नीनाचा गळा पोचतो. श्रुतींवर वाद घालणाऱ्या आपल्या कानांना हे लवकर उमगायला हरकत नाही.

गाणी लिहायची वेळ

तिशीपर्यंत ती मुख्यतः दुसऱ्यांची गाणी गात होती. १२ एप्रिल १९६३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तिची मैफल झाली. लहानपणी ज्या सभागृहात बाख वाजवायचं स्वप्न होतं तेच हे. नेमक्या त्याच दिवशी अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. नाटककार लॉरेन हॅन्सबरी तिची जिवलग मैत्रीण. तिनं फोन करून मैफिलीचं कौतुक न करता विचारलं, या लढ्यासाठी तू काय करतेयस?

उत्तर सप्टेंबरमध्ये आलं. जूनमध्ये मिसिसिपी राज्यात मेडगर एव्हर्स या कार्यकर्त्याचा खून झाला होता. १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या एका चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली मेल्या. बातमी ऐकून नीना घरातल्या सामानातून बंदूक बनवायला बसली. नवरा पूर्वी पोलिसात होता. तो म्हणाला, मारण्याबिरण्यातलं तुला काही कळत नाही, तुझ्याजवळ संगीत आहे. तासाभरात तिनं 'मिसिसिपी गॉडडॅम' लिहिलं. धर्मोपदेशक आईची मुलगी गाण्याच्या नावातच शिवी घालते, यावरून राग किती होता ते कळावं.

आता त्याची चाल ऐका. राग ओकणारं गाणं कसं असेल असं वाटतं? संथ, जड, ब्लूजसारखं? नीनानं घेतली ब्रॉडवेच्या गाण्याची चाल. टुणटुणीत, पळती, पायांनी ठेका धरावा अशी. गाताना ती श्रोत्यांना सांगतेही की हे नाटकातलं गाणं आहे, नाटक मात्र अजून लिहिलेलं नाही. लोक सुरुवातीला हसतात. १९६४ च्या कार्नेगी हॉलमधल्या ध्वनिमुद्रणात ते हसणं ऐकू येतं. मग शब्द कानात शिरतात आणि हसणं विरतं. मध्ये ती चर्चची हाक-प्रतिसादाची रीत वापरते: ती एकेक गोष्ट मोजते आणि वादक ओरडतात, 'टू स्लो', फार हळू. जरा दमानं घ्या, बदल सावकाश होईल, असं काळ्यांना सतत सांगितलं जात होतं. त्याला हे उत्तर. आणि हे 'हळू' ज्या गाण्यात आहे ते धापा टाकत पळतंय. ब्रॉडवे, चर्च आणि डोक्यातला दोन चाली एकदम चालवण्याचा संस्कार, तिन्ही इथं एका कामाला लागलेत. वरची चाल खुशीची, आतली गोष्ट मरणाची. 'लिटल गर्ल ब्लू'मध्ये जे पियानो आणि गळ्यात झालं ते इथं चाल आणि शब्दांत झालं. दक्षिणेतल्या काही राज्यांत गाण्यावर बंदी आली; एका ठिकाणाहून तबकड्या दोन तुकडे करून परत आल्या.

त्याच मैफिलीच्या संचात नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार व्हाइल यांच्या जर्मन संगीत नाटकातलं एक गाणं आहे. हॉटेलात राबणारी मोलकरीण मनात सूड रचते. नीना ते थेट अमेरिकेच्या दक्षिणेत आणून ठेवते. तिची आई लोकांच्या घरी राबायची हे आठवलं की ते ऐकताना बसायची जागा टोचायला लागते.

१९६६ चं 'फोर विमेन' मला गीतकार म्हणून तिचं सगळ्यात मोठं काम वाटतं. चार कडवी, चार बायका. प्रत्येक जण आधी आपल्या कातडीचा रंग सांगते, मग केस, मग आयुष्य, आणि शेवटी नाव. पहिली पाठीवर ओझं वाहिलेली. दुसरीच्या आईवर श्रीमंत गोऱ्यानं जबरदस्ती केली, त्यातून ती जन्मली, त्यामुळं ती दोन्ही जगांत परकी. तिसरी पैशांवर मिळणारी. चौथी कडवट, समोर येईल त्याच्यावर धावून जाणारी, कारण आईबाप गुलाम होते. चाल जवळजवळ बदलतच नाही. बेसची एक साधी आकृती फिरत राहते. इतकं संगीत येणाऱ्या बाईनं इथं हात आखडून धरलाय. बदलतो तो आवाज: प्रत्येक बाईसाठी थोडा वेगळा, आणि पियानो कडव्यागणिक घट्ट होत जातो. शेवटचं नाव ती अक्षरशः ओरडते. आत्तापर्यंतची सगळी शांतता त्या एका नावासाठी जपलेली होती. काही कृष्णवर्णीय रेडिओ केंद्रांनाच हे गाणं अपमानकारक वाटलं आणि त्यांनी ते लावायचं थांबवलं. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, रॅपर जे-झीनं एका गाण्याचा पाया म्हणून हेच ध्वनिमुद्रण वापरलं.

लॉरेन हॅन्सबरी १९६५ मध्ये ३४ व्या वर्षी कर्करोगानं गेली. तिच्या आठवणीत नीनानं १९६९ मध्ये 'टू बी यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक'ला चाल दिली, शब्द वेल्डन अर्विनचे. हे गाणं मुलांना एकत्र म्हणता यावं इतकं सोपं आणि सरळ आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये किंग यांचा खून झाला, त्यानंतर तिसऱ्याच दिवशी तिनं मैफिलीत एक नवं गाणं म्हटलं. बँडमधल्या बेसवादक जीन टेलरनं ते तेवढ्यात लिहिलं होतं. आवाज मध्येच थांबतो, ती बोलायला लागते, पुन्हा गाते. चर्चमधल्या शोकसभेत जसं होतं तसं.

नाव काय द्यायचं?

तिला 'जॅझ गायिका' म्हटलेलं आवडत नसे. तिचं म्हणणं असं की गोऱ्या लोकांना काळ्या माणसाचं कुठलंही संगीत म्हणजे जॅझच वाटतं. आपल्या वाजवण्यात जॅझपेक्षा लोकसंगीत आणि ब्लूज जास्त आहे, नाव द्यायचंच तर लोकगायिका म्हणा, असं तिनं लिहिलं आहे. आपल्या संगीताला ती 'काळ्यांचं शास्त्रीय संगीत' म्हणायची. यात नुसता हट्ट नव्हता. पियानोवर बाख वाजवणारा गोरा माणूस शास्त्रीय वादक, आणि तोच बाख तितक्याच अभ्यासानं वाजवणारी काळी बाई मनोरंजन करणारी. तबकड्यांच्या दुकानातले कप्पे संगीत ऐकून पाडलेले नव्हते, चेहरे बघून पाडलेले होते. एखाद्या कलाकाराला 'सीमा ओलांडणारी' म्हणताना ती सीमा कुणी आखली होती हेही पाहायला हवं. कर्टिसमध्ये प्रवेश मिळाला असता तर ती कदाचित एकाच कप्प्यात राहिली असती.

मैफिलीत ती शास्त्रीय मैफिलीचीच शिस्त मागायची. कुणी बोलायला लागलं तर वाजवणं थांबवून त्याच्याकडं बघत राहायची. तऱ्हेवाईक म्हणून तिची ख्याती झाली. त्यामागं आजारही होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात द्विध्रुवीय मनोविकाराचं निदान झालं. तोवर ती अमेरिका सोडून बरीच वर्षं झाली होती. बार्बाडोस, लायबेरिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, शेवटी फ्रान्स. १९८७ मध्ये एका फ्रेंच अत्तराच्या जाहिरातीत तिचं तीस वर्षांपूर्वीचं 'माय बेबी जस्ट केअर्स फॉर मी' वाजलं आणि ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. ते बेथलेहेमच्याच त्या संचातलं, ज्याचे हक्क तिनं विकून टाकले होते. २१ एप्रिल २००३ रोजी फ्रान्समध्ये मार्सेयजवळच्या कॅरी-ल-रुए या गावी ती गेली. दोनच दिवस आधी कर्टिसनं तिला सन्मानाची पदविका दिली होती.

कुठून ऐकायला सुरुवात करावी असं विचाराल तर 'लव्ह मी ऑर लीव्ह मी'पासून करा. हेडफोन लावा. पियानोची पाळी आली की पहिल्या खेपेला फक्त उजवा हात ऐका, दुसऱ्या खेपेला फक्त डावा. तिसऱ्यांदा दोन्ही. मग 'सिनरमन'कडं या, १९६५ चं, दहा मिनिटांहून लांब. हे गाणं तिनं लहानपणी आईच्या सभांमध्ये ऐकलेलं. त्याच कॉर्ड गरगर फिरत राहतात, पापी माणूस लपायला जागा शोधत धावतोय, आणि मध्यावर बाकीचं सगळं ओसरून टाळ्या पुढं येतात. ट्रायनच्या चर्चमधल्या टाळ्या अशाच वाजत असणार. पियानो परत कधी शिरतो तिकडं कान ठेवा.